खंडुरींच्या अहवालाचे काय झाले?

लोणावळ्यालगतच्या औंढे गावापासून नौदलाची ‘आयएनएस शिवाजी’ ही संस्था फार दूर नाही. १९४५ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी सुरू झालेल्या या संस्थेत युद्धनौकांची यंत्रे सांभाळणारे अधिकारी आणि नौसैनिक घडवले जातात. नौकेला आग लागली, पाणी आत शिरू लागले तर काय करायचे, याचे शिक्षणही येथेच मिळते. मावळातील माणसाला त्या कुंपणाची इतकी सवय झाली आहे की आत शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणांच्या हाती पुढे कोणती यंत्रे पडतात, याचा विचार तो क्वचितच करतो.

तो विचार करण्याची वेळ २६ फेब्रुवारी २०१४ रोजी आली होती. ‘सिंधुरत्न’ ही पाव शतक वापरलेली पाणबुडी मुंबईजवळच्या समुद्रात असताना तिच्या एका कक्षात धूर कोंडला आणि सहकाऱ्यांना वाचवताना दोन अधिकाऱ्यांनी प्राण गमावले. त्याआधी जेमतेम सहा महिन्यांपूर्वी, १४ ऑगस्ट २०१३ रोजी, ‘सिंधुरक्षक’ मुंबईच्या गोदीतच स्फोट होऊन बुडाली होती आणि अठरा जणांना तिने सोबत नेले होते. सिंधुरत्नच्या दुर्घटनेच्या दिवशीच नौदलप्रमुख ॲडमिरल जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी तो त्याच दिवशी मंजूर केला. मंत्रिमहोदय स्वतः मात्र पदावर राहिले. नैतिकता केवळ गणवेशधाऱ्यांनाच लागू असते की काय, असा प्रश्न त्या दिवशी अनेकांच्या मनात आला असेल.

पाणबुड्या जुन्या का राहिल्या, याची कथा मुंबईच्या माझगाव गोदीतच घडली आहे. १९८१ साली पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी करार झाला. आपल्या कामगारांनी आणि अभियंत्यांनी पाणबुडीबांधणीचे अवघड तंत्र आत्मसात केले आणि ‘शाल्की’ १९९२ साली, तर ‘शंकुल’ १९९४ साली नौदलात दाखल झाली. पण मधल्या काळात, १९८७ साली, दलालीचा आरोप झाला. दलाली खाणाऱ्यांना शिक्षा झाली असती तर कोणाची तक्रार नव्हती. शिक्षा झाली ती गोदीला! पुढचे काम मिळाले नाही, शिकलेले हात पांगले आणि कष्टाने मिळवलेली विद्या गंजून गेली. कारगिलच्या वर्षी, १९९९ साली, तीस वर्षांत चोवीस पाणबुड्यांची योजना मंजूर झाली. स्कॉर्पीनचा करार व्हायला २००५ चा ऑक्टोबर उजाडला. पहिली ‘कलवरी’ २०१२ साली यायची होती, ती आली डिसेंबर २०१७ मध्ये. सहावी ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली आणि त्यापुढच्या सहा पाणबुड्यांसाठी वाटाघाटींना प्रारंभ झाला तो सप्टेंबर २०२५ मध्ये.

या विलंबाचा जाब विचारायचा कोणी? सेनाधिकारी शिस्तीने बांधलेला असतो, सचिवालयातील अधिकारी फायलीच्या आडून बोलतो. उरतो तो लोकप्रतिनिधी. त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे आणि त्याचे ते कर्तव्यही आहे. परंतु आपल्या देशात ज्या ज्या वेळी त्याने हे कर्तव्य बजावले, त्या त्या वेळी त्याच्या पदरी काय पडले?

११ एप्रिल १९६१ रोजी आचार्य कृपलानी यांनी लोकसभेत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर आरोपपत्रच ठेवले. सेनेत गटबाजी निर्माण केली, सैनिकांचे मनोधैर्य खचवले, गरीब देशाचा पैसा उधळला आणि चिनी आक्रमणाविरुद्धच्या संरक्षणाकडे दुर्लक्ष केले, असे ते आरोप होते. त्यात अतिशयोक्ती नव्हती. कोल्हापूरचे सुपुत्र लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात पूर्व विभागाचे सेनापती असताना त्यांनी १९५९ साली ईशान्य सीमेच्या संरक्षणाची योजना दिल्लीला पाठवली होती. मेनन यांनी ती बाजूला सारली. १९६० साली थोरातांनी लखनौ येथे ‘लाल किला’ या नावाचा युद्धाभ्यास घेऊन चिनी सैन्य कसे उतरेल आणि त्यापुढे आपले बळ कसे अपुरे पडेल, हे मांडून दाखवले. १९६१ साली थोरात निवृत्त झाले. त्यांची योजना फायलीतच राहिली.

कृपलानींनी मेनन यांचे आव्हान थेट त्यांच्या उत्तर मुंबई मतदारसंघात जाऊन स्वीकारले. जनसंघासह अनेक विरोधी पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला. फेब्रुवारी १९६२ च्या त्या निवडणुकीत मुंबईच्या मतदाराने मेनन यांना कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मते दिली! नेहरूंनी सारी प्रतिष्ठा पणाला लावली होती हे खरे, पण शिकल्यासवरलेल्या महानगराने सीमेचा प्रश्न बाजूला ठेवून प्रतिमेला कौल दिला, हेही तितकेच खरे. आठ महिन्यांत चिनी फौजा थागला कडा ओलांडून खाली उतरल्या.

युद्ध चालू असताना तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी यांनी संसदेचे अधिवेशन तातडीने बोलावण्याची मागणी केली. नेहरूंनी ती मान्य केली आणि ८ नोव्हेंबर १९६२ पासून, शत्रू आपल्या भूमीवर उभा असताना, त्यांच्या सरकारवर उघड सभागृहात टीकेचे प्रहार झाले. नेहरूंच्या चीनविषयक भाबडेपणाला क्षमा नाही. पण संसदेला सामोरे जाण्याचे हे धैर्य त्यांनी दाखवले, हे मान्य करायलाच हवे. संरक्षणाचा विषय निघाला की ‘गोपनीयता, गोपनीयता’ असा जप करणाऱ्यांनी ही घटना जरूर आठवावी. मेनन गेले, यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, संरक्षणाची तरतूद पाहता पाहता दुपटीहून अधिक झाली आणि १९६५ साली पाकिस्तानला त्याचे उत्तर मिळाले. म्हणजे पैसा नव्हता असे नाही. १९६१ साली ऐकण्याची इच्छा नव्हती.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. मार्च २०१२ मध्ये सेनाप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांनी पंतप्रधानांना लिहिलेले पत्र फुटले. रणगाड्यांना दारूगोळा नाही, हवाई संरक्षणाची सामग्री कालबाह्य झाली आहे, असे त्यात म्हटले होते. संसदेत गदारोळ झाला, पण कशावरून? पत्र फुटले कसे, यावरून! काही खासदारांनी तर सेनाप्रमुखांच्या बडतर्फीचीच मागणी केली. १२६ लढाऊ विमानांची निविदा २००७ साली निघाली होती, २०१२ च्या जानेवारीत विमान निवडले गेले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अँटनी यांनी यंदा पैसे उरले नाहीत असे सांगून हात झटकले. निर्णय न घेणे हाच प्रामाणिकपणाचा पुरावा, अशी त्या काळाची व्याख्या होती.

परंतु केवळ काँग्रेसच्या माथी खापर फोडून राष्ट्रवादी विचारांच्या कार्यकर्त्याला मोकळे होता येणार नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी हे निवृत्त सेनाधिकारी, भाजपाचे खासदार आणि वाजपेयी मंत्रिमंडळातील कर्तबगार मंत्री. त्यांच्या समितीचा अहवाल १३ मार्च २०१८ रोजी संसदेत सादर झाला. उपसेनाप्रमुखांनी समितीपुढे सांगितले होते की सेनेची ६८ टक्के सामग्री जुनाट आहे, २४ टक्के चालू काळातील आणि अवघी ८ टक्के अत्याधुनिक. जुनी सामग्री एकतृतीयांश असावी, अशी अपेक्षा असते. आधुनिकीकरणासाठी २१,३३८ कोटी रुपये मिळाले होते. आधीच केलेल्या १२५ खरेदी योजनांची देणीच २९,०३३ कोटींची होती. नवे काही घेणे दूरच, जुन्या उधारीलाही पैसे पुरत नव्हते.

आणि १४ मार्चला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, लोकसभेत काय झाले? विरोधकांच्या घोषणाबाजीत सर्व मंत्रालयांच्या मागण्या गिलोटिन लावून चर्चेविना मंजूर करण्यात आल्या. संरक्षणाचीही मागणी त्यातच गेली. विरोधकांना सभागृह चालू द्यायचे नव्हते, हे स्पष्टच आहे. पण सत्ताधारी बाकांवरून तरी कोणी उठून, निदान संरक्षणावर दोन तास बोलू द्या, असा आग्रह धरला काय? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समितीच्या अध्यक्षपदी खंडुरींच्या जागी कलराज मिश्र आले. समित्यांची पुनर्रचना दरवर्षी होते, हे खरे आहे. तरीही त्या बदलाचा जो अर्थ लोकांनी लावला, तो शोभादायक नव्हता. सेनेत आयुष्य घालवलेल्या स्वपक्षीय ज्येष्ठाने आकडे मांडले तर ते सरकारविरोधी बोलणे ठरत नाही. ते सरकारचे डोळे असतात.

त्यानंतर बरेच काही घडले आणि तेही सांगितले पाहिजे. संरक्षण दलप्रमुख हे पद निर्माण झाले. शस्त्र कारखान्यांची मरगळलेली व्यवस्था ऑक्टोबर २०२१ मध्ये मोडून सात कंपन्या उभ्या राहिल्या. दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आहे. के-९ वज्र या शंभर तोफांचा करार २०१७ साली झाला आणि २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत शंभरावी तोफ सेनेच्या स्वाधीन झाली. मार्च २०२५ मध्ये ३०७ स्वदेशी तोफांचा करार झाला, त्यात पुण्याच्या भारत फोर्जचा मोठा वाटा आहे. बोफोर्सच्या भीतीने तीन दशके ठप्प झालेला तोफखाना पुन्हा उभा राहतो आहे. मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’ने या परिश्रमांचे फळ जगाला दाखवले.

पण त्याच मे महिन्याच्या अखेरीस वायुसेनाप्रमुख ए. पी. सिंह यांनी जाहीर व्यासपीठावरून सांगितले की वेळेवर पूर्ण झालेला एकही प्रकल्प त्यांना आठवत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ ला निरोप दिल्यावर वायुसेनेकडे लढाऊ विमानांच्या २९ तुकड्या उरल्या. मंजूर आहेत ४२. तेजसच्या नव्या आवृत्तीचे नाशिकमध्ये बांधलेले पहिले विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये आकाशात झेपावले, हा आनंदाचा क्षण होता. पण तेरा तुकड्यांची तूट एका उड्डाणाने भरून निघत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटींची तरतूद झाली. त्यातले सुमारे १ लाख ६० हजार कोटी निवृत्तिवेतनाचे आणि सुमारे १ लाख ८० हजार कोटी भांडवली खर्चाचे. सैनिकाच्या निवृत्तिवेतनावर बोट ठेवण्याचा करंटेपणा कोणी करू नये. पण मोठा आकडा वाचून छाती फुगवण्यापूर्वी त्यातून नवे शस्त्र किती येते, हे पाहिले पाहिजे.

आपल्याकडे संरक्षणावरचा खर्च म्हणजे गरिबाच्या तोंडचा घास काढणे, असे मानणारा एक पुरोगामी वर्ग आहे. १९६२ पूर्वीही तो होता. त्याला औंढे गावाच्या मुलखातच, लोहगडाकडे बोट दाखवून, उत्तर देता येते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात द्यावा लागलेला हा गड महाराजांनी १६७० साली परत घेतला. या डोंगरी मुलखाचे उत्पन्न ते किती! तरीही गडांची डागडुजी, दारूगोळा आणि आरमार यांवरचा खर्च स्वराज्याने कधी अनुत्पादक मानला नाही. त्या खर्चाच्या आश्रयानेच मावळातला शेतकरी निर्धास्तपणे नांगर धरू शकला.

स्थायी समितीचे अहवाल दरवर्षी प्रसिद्ध होतात आणि ते कोणालाही वाचता येतात. रस्ता, पाणी, रेल्वेचा थांबा यांसाठी खासदाराच्या दारी जाणाऱ्या शिष्टमंडळांना तोटा नसतो. यंदाच्या अहवालातले आकडे आपण वाचलेत का, सभागृहात त्यावर आपण काय बोललात, हे विचारायला मावळातून, पुण्यातून किंवा मुंबईतून आजवर किती शिष्टमंडळे गेली?