महागडी काठी घ्यावी का?

खोडाळा परिसरातील अनेक घरांत आज वृद्ध आई-वडील गावी आणि नोकरी करणारी मुले नाशिक, वसई किंवा ठाण्यास, अशी स्थिती आहे. दूर राहणाऱ्या मुलांना आई-वडिलांची काळजी असते आणि ती बहुधा एखाद्या वस्तूच्या रूपाने गावी पोहोचते. अलीकडे या वस्तूंत काठीची भर पडली आहे. ‘‘डॉक्टर, बाबा दोनदा पडले. सहा हजारांची काठी पाहून ठेवली आहे. मागवू का?’’ असा प्रश्न मला दूरध्वनीवरून वरचेवर विचारला जातो. शहरातील वाचकांनाही तो पडत असणारच, म्हणून या अंकात त्याचे सविस्तर उत्तर देत आहे.

बाजारात ॲल्युमिनियमची साधी काठी तीनशे ते सहाशे रुपयांत मिळते. चार पायांच्या काठीला सुमारे सहाशे ते बाराशे रुपये पडतात. विजेरी, धोक्याची घंटा, घडी घालण्याची सोय अशा गोष्टी वाढत गेल्या की किंमत दोन-अडीच हजारांवर जाते आणि कार्बन फायबरच्या काठ्या त्याही पुढे जातात. आमच्या भागात मात्र भरीव बांबूची काठी रानातून किंवा शेजाऱ्याकडून फुकट मिळते. एवढ्या तफावतीत निवड कशी करावी? माझ्या मते काठीकडे औषधासारखे पाहावे. औषध देण्यापूर्वी निदान करावे लागते, मात्रा ठरवावी लागते आणि ते कसे घ्यावे हे समजावून सांगावे लागते. काठीचेही तसेच आहे.

आधी कारण, मग काठी

माणूस पडू लागला याचा अर्थ त्याला काठी हवी, एवढाच होत नाही. तो का पडतो, हे प्रथम शोधावे लागते. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठून उभे राहताच दाब उतरतो काय? झोपेच्या गोळीचा अंमल पहाटेपर्यंत टिकतो काय? मधुमेहाच्या औषधाने साखर फार खाली जाते काय? तळपायांची संवेदना कमी झाली आहे काय? मोतीबिंदूमुळे उंबरठाच दिसत नाही काय? यांपैकी कोणतेही कारण सहा हजारांच्या काठीने दूर होत नाही.

उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर त्याची दखल घ्यावी लागते. पहाटे लघवीस उठताना पडणाऱ्या एका आजोबांच्या बाबतीत हेच आढळले. गोळ्यांची वेळ आणि मात्रा बदलली आणि ‘उठण्यापूर्वी दोन मिनिटे खाटेच्या कडेला बसायचे’ एवढा नियम घालून दिला. त्यांचे पडणे थांबले. काठीसाठी बाजूला काढलेले पैसे पुढे चष्म्याच्या कामी आले.

घरच्या घरी एक सोपी चाचणी करता येते. वृद्ध व्यक्तीस नेहमीच्या वहाणा घालून खुर्चीवर बसवावे. तीन मीटरवर, म्हणजे सुमारे दहा फुटांवर खूण करावी. खुर्चीतून उठणे, नेहमीच्या गतीने खुणेपर्यंत चालणे, वळणे, परत येणे आणि बसणे, या सर्वांस किती वेळ लागतो ते घड्याळात पाहावे. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला, तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. चाचणीच्या वेळी कोणीतरी हाताच्या अंतरावर उभे असलेच पाहिजे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. चालणे एकाएकी बिघडले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर काठी शोधत बसू नये. रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात हलवावे. पक्षाघातात प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

काठीची ‘मात्रा’ म्हणजे तिची उंची

काठी लागणार असे ठरले, तर तिच्या गुणांपैकी सर्वांत महत्त्वाचा गुण कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. तो म्हणजे योग्य उंची. व्यक्तीने नेहमीच्या वहाणा घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावेत. दुसऱ्याने मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. काठीची मूठ तेवढ्या उंचीवर हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित, साधारण वीस ते तीस अंशांत वाकलेले दिसावे. पाच फूट उंचीच्या आजींना यासाठी सुमारे तीस इंचांची काठी पुरते.

काठी उंच झाली तर खांदा वर उचलला जातो, मान आखडते आणि हातातून भार खाली जात नाही. ती आखूड झाली तर माणूस पुढे झुकतो, कंबर दुखते आणि तोल अधिकच जातो. आजोबांची काठी आजींना देणारी घरे पुष्कळ आहेत. दोघांच्या उंचीत अर्ध्या फुटाचा फरक असेल, तर ती काठी कितीही किमती असली तरी आजींच्या उपयोगाची नाही. लाकडी किंवा बांबूची काठी कापताना खाली लावायच्या रबरी टोपीची उंची धरून माप घ्यावे आणि आधी थोडी लांबच कापावी. लांब काठी पुन्हा कापता येते, आखूड झालेली वाढवता येत नाही.

जादा पैसे कशासाठी द्यावेत?

महाग काठीचे सर्वच गुण दिखाऊ असतात असे नाही. काही गोष्टींसाठी चार पैसे अधिक मोजणे योग्य ठरते.

पहिली गोष्ट मूठ. छत्रीच्या दांड्यासारखी गोल वाकलेली मूठ मनगटात अडकवायला सोयीची असते, पण तिच्यावर भार टाकला की तो तळहाताच्या लहानशा भागावर येतो. ज्यांना काठीवर खरोखर भार टाकायचा आहे, त्यांना आडवी, रुंद मूठ बरी. आमवाताने बोटे वाकडी झालेल्यांसाठी तळहाताच्या आकाराची मूठ मिळते. तिचे वेगळे पैसे पडले तरी द्यावेत. अशी मूठ डाव्या आणि उजव्या हातासाठी निरनिराळी असते, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट वजन. धडधाकट माणसास शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक जाणवणारही नाही. परंतु चाळीस किलो वजनाच्या, खांदा दुखणाऱ्या आजींना दिवसभरात काठी शेकडो वेळा उचलावी लागते. त्यांच्यासाठी हलक्या काठीचे मोल आहे.

तिसरी गोष्ट घडी. ७५ वर्षांपुढील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाल्यापासून वृद्ध माणसे पूर्वीपेक्षा अधिक फिरताना दिसतात. गर्दीत घडीची काठी सोयीची ठरते. मात्र तिचे सांधे घट्ट बसतात काय, आतील लवचीक दोरी सैल झाली नाही ना, हे दर महिन्यास पाहावे. उंची कमी-जास्त करता येणाऱ्या काठीचे बटण छिद्रातून पूर्ण बाहेर आले आहे, याचीही खात्री करावी.

विजेरीची काठी रात्री परसात जाणाऱ्यांना उपयोगी पडेल, पण दीडशे रुपयांची वेगळी विजेरीही तेच काम करते. धोक्याची घंटा ऐकायला घरात कोणी असेल तरच तिचा उपयोग. चकचकीत कोरीव मूठ, पितळी नक्षी, परदेशी नाव यांसाठी मोजलेले पैसे हौसेचे समजावेत. हौस वाईट नव्हे, फक्त तिला उपचार म्हणू नये.

काठी कुठे चालणार?

गेल्या पावसाळ्यात एका आजींना त्यांच्या मुलाने चार पायांची उत्तम काठी पाठविली. महिनाभराने ती खुंटीला टांगलेली दिसली आणि आजींच्या हातात पुन्हा बांबू आला. मुलगा नाराज झाला, परंतु निर्णय आजींचाच योग्य होता. चार पायांची काठी चारही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकले तरच स्थिर राहते. पक्षाघातानंतर सपाट फरशीवर सावकाश चालणाऱ्या रुग्णास ती फार उपयोगी पडते. खोडाळ्याच्या दगडगोट्यांच्या पायवाटेवर तिचे दोन पाय अधांतरी राहतात आणि आधार देणारी वस्तूच पाडण्यास कारण होते. अरुंद जिन्यावरही तिची अडचण होते.

डोंगर उतरताना छातीएवढी उंच काठी दोन्ही हातांनी मधोमध धरणारे वृद्ध आमच्याकडे दिसतात. उतारावर ती पद्धत चांगली आहे. उंच काठी खालच्या पायरीवर पोहोचते आणि तोल सांभाळते. दुखऱ्या गुडघ्याचा भार घेण्यासाठी मात्र मनगटाच्या उंचीची मूठच हवी. म्हणजे एकाच माणसास घरात एक आणि रानात दुसरी, अशा दोन काठ्या लागू शकतात. दोन्ही साध्या असल्या तरी एका महागड्या काठीपेक्षा त्या अधिक उपयोगी ठरतील.

बांबू निवडताना भरीव, गाठी जवळजवळ असलेला आणि सावलीत वाळवलेला घ्यावा. चीर गेलेली किंवा कीड लागून भुकटी पडणारी काठी तत्काळ टाकून द्यावी. उघडे टोक मातीत रुतते म्हणून वाटेवर चालून जाते. फरशीवर आणि ओल्या शहाबादीवर तेच टोक सर्रकन निसटते. तेथे रबरी टोपी अत्यावश्यक आहे. तिच्या तळाच्या रेघा झिजल्या की ती बदलावी आणि पावसाळ्यात त्या रेघांत भरलेला चिखल रोज धुवावा. ही टोपी काही थोड्या रुपयांत मिळते. पाच हजारांची काठी आणि झिजलेली टोपी, ही जोडी धोक्याची आहे.

धरावी कशी?

दुखरा किंवा अशक्त पाय ज्या बाजूस, त्याच्या विरुद्ध हातात काठी धरावी. हे पुष्कळांना उलटे वाटते. परंतु चालताना उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे येणे हीच शरीराची स्वाभाविक लय आहे. काठी विरुद्ध बाजूस असली की पायाचा आणि काठीचा आधार रुंद होतो आणि दुखऱ्या खुब्यावरचा ताण उतरतो. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे टाकावा, त्यामागून चांगला पाय न्यावा.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. एका हाताने कठडा धरता येत असेल तर तो अवश्य धरावा. योग्य काठी शरीराच्या वजनाचा फार तर पाव भाग पेलते. त्याहून अधिक भार टाकावा लागत असेल किंवा दोन्ही हातांनी टेकावे लागत असेल, तर काठी बदलून उपयोग नाही. तेव्हा वॉकरचा विचार डॉक्टरांशी किंवा फिजिओथेरपिस्टशी बोलून करावा.

शासकीय मदत

राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना सहायक साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये थेट बँक खात्यात देण्याची त्यात तरतूद आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे आणि तिच्यात शिबिरांमधून काठ्या, वॉकर, श्रवणयंत्रे, चष्मे अशी साधने दिली जातात. अर्ज कधी आणि कोठे करायचा, याची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी. खरेदीची पावती जपून ठेवावी. शासकीय रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते, हेही ध्यानात ठेवावे.

मनाचा अडसर

काठी हातात आली की आपण म्हातारे झालो, असे पुष्कळांना वाटते. मग ती कोपऱ्यात पडून राहते आणि माणूस भिंतीचा, दाराचा, नातवाच्या खांद्याचा आधार शोधत राहतो. १९३० च्या मार्चमध्ये महात्मा गांधी साबरमतीहून दांडीस निघाले, तेव्हा ते ६० वर्षांचे होते. सुमारे ३८५ किलोमीटरची ती वाट त्यांनी बांबूची काठी घेऊन चालून पुरी केली. काठी माणसाला घराबाहेर नेते, चालते ठेवते, हे वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे. काठी निवडताना त्यांना बरोबर न्यावे, दोन-चार काठ्या हातात धरून चालू द्यावे. परस्पर मागवलेल्या वस्तूपेक्षा स्वतः पसंत केलेली वस्तू वापरली जाण्याची शक्यता अधिक असते. मागवायचीच असेल, तर मनगटापर्यंतचे माप आधी कळवून घ्यावे आणि परत करण्याची सोय आहे काय ते पाहावे.

आपल्याकडे म्हण आहे, सोन्याची सुरी असली म्हणून कोणी ती उरात खुपसून घेत नाही. सहा हजार रुपये हाताशी असतील, तर ते या क्रमाने खर्च करावेत: प्रथम तपासणी आणि डोळे, मग टाचेला पट्टा असलेल्या घट्ट वहाणा, न्हाणीघरात धरण्यासाठी पक्का दांडा, रात्री पेटता राहणारा छोटा दिवा आणि त्यानंतर मापाची साधी काठी. एवढे करूनही पैसे उरले आणि हात दुखरे असतील किंवा वजन पेलत नसेल, तर महाग काठी खुशाल घ्यावी. ती घेतल्यावर पहिल्या आठवड्यात कोणीतरी रोज दहा मिनिटे वडीलधाऱ्यांबरोबर चालावे, उंची आणि धरण्याची पद्धत पाहावी. दूर राहणाऱ्या मुलांनी या एका आठवड्याची रजा काढता आली तर जरूर काढावी.