उद्यानातील एक कोपरा

रविवारी सकाळी मुंबईच्या उद्यानात फिरावयास आलेल्या माणसाची दृष्टी फुलांच्या ताटव्यांवर खिळते. कुंपणालगतच्या रुईकडे कोणी पाहत नाही. निरुपयोगी झुडूप समजून ती उपटली जाते. परंतु तिच्याच पानांवर एक केशरी फुलपाखरू अंडी घालते. काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची अळी ती पाने खाऊन वाढते. रुईच्या चिकातील विष तिच्या अंगी मुरते. म्हणून पुढे फुलपाखरासही पक्षी सहसा खात नाहीत. जे मूल दर रविवारी त्याच रुईपाशी जाईल आणि कशासही हात न लावता निरखील, त्यास कधी अंडे, कधी अळी, तर कधी कोश दिसेल. महिनाभरात त्यास ही सारी कथा उलगडेल.

तांबट पक्ष्याचेही तसेच आहे. तो वाळलेल्या फांदीत चोचीने ढोली कोरतो. फांदी गेली, की त्याचे घर गेले. वाटेवर कोसळू पाहणारी फांदी तोडलीच पाहिजे, हे खरे. परंतु प्रत्येक वाळलेली फांदी तोडणे व प्रत्येक रानझुडूप उपटणे म्हणजे स्वच्छता नव्हे.

माहीमला जेथे पूर्वी शहराचा कचरा टाकीत, तेथे झाडे लावून १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुले झाले. आज तेथे पक्षी व फुलपाखरे नांदतात. जागा मिळाली, की जीव आपण होऊन येतात.

म्हणून प्रत्येक उद्यानात एक कोपरा रानझुडपांसाठी राखावा. ज्याला फुलपाखरू हवे, त्याने अळीलाही थारा दिला पाहिजे.