वाटेत विचारणारा कोणी हवा

रमजानचा रोजा सर्वांवर सारखा फर्ज नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे. राहिलेले रोजे त्यांनी नंतर पूर्ण करायचे. लहान मुलांवर रोजा नाही. आणि ज्याची बुद्धी ठिकाणावर नाही, त्याच्यावर तर रोजाही नाही आणि नमाजही नाही. घरात असा एखादा भाऊ किंवा आत्या असेल, तर सहरीच्या वेळी तिला कोणी हटकून उठवत नाही. भर दुपारी तिने जेवायला मागितले, तर घरातला रोजेदारच उठून ताट वाढतो. त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. समज असेल तिथेच जबाबदारी, हे घरातल्या लहानग्यालाही कळते.

हेच तत्त्व न्यायालाही लागू आहे. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग नोंदलेला आहे. दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांच्यासमोर व्यभिचाराच्या आरोपाखाली एका स्त्रीला आणले गेले. सल्लामसलत झाली आणि तिला मृत्युदंड ठोठावण्यात आला. लोक तिला शिक्षेसाठी घेऊन निघाले असता वाटेत हजरत अली (रजि.) भेटले. ही कोण, तिला कुठे नेता, असे त्यांनी विचारले. ही अमुक कबिल्यातील वेडी स्त्री आहे, असे उत्तर मिळताच त्यांनी सर्वांना माघारी फिरवले. ते खलिफांकडे गेले आणि प्रेषितांच्या (स.) शिकवणीची आठवण करून दिली, की झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि वेडा शुद्धीवर येईपर्यंत त्यांच्या कर्मांची नोंद होत नाही. हजरत उमर यांनी ते तत्काळ मान्य केले. त्या स्त्रीची सुटका झाली.

या प्रसंगात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. नियम खलिफांनाही ठाऊक होता, तरी निकाल झाला होता आणि शिक्षेची वेळ आली होती. त्या स्त्रीचा जीव नियमाने वाचला खरा. पण त्याआधी वाटेत कोणीतरी थांबून विचारले, म्हणून तो नियम तिच्यापर्यंत पोहोचला.

भारतातील न्यायव्यवस्थेत गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसाची आज हीच अडचण आहे. नियम आहे, वाटेत विचारणारा नाही.

कायद्याचे म्हणाल, तर तो जुना आणि स्पष्ट आहे. मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हे ज्याला कृत्याच्या वेळी कळत नव्हते, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेचे कलम 84 हेच सांगत होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये तीच तरतूद आहे. आरोपी स्वतःचा बचाव करण्याच्या मनःस्थितीत नसेल, तर खटला थांबवून आधी त्याच्यावर उपचार करावेत, हेही कायद्यात आहे. पण खटला थांबला की पुढे काय होते?

आसाममधील मचल लालुंग यांचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. 1951 साली गंभीर दुखापत केल्याच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. त्यांची रवानगी तेजपूरच्या मनोरुग्णालयात झाली. 1967 साली तिथल्या डॉक्टरांनी ते बरे झाल्याचे कळवले. त्यानंतर त्यांची सुटका व्हायला हवी होती किंवा निदान खटला तरी चालायला हवा होता. दोन्ही झाले नाही. कागद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेला आणि माणूस कोठडीतच राहिला. 2005 साली एक रुपयाच्या जातमुचलक्यावर ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या कोठडीला चोपन्न वर्षे झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने पुढे तीन लाख रुपयांची भरपाई आणि महिना एक हजार रुपये देण्याचा आदेश दिला. 2007 च्या डिसेंबरमध्ये ते वारले. चोपन्न वर्षांच्या मोबदल्यात त्यांना जेमतेम अडीच वर्षांचे स्वातंत्र्य मिळाले.

हा एकट्या आसामचा दोष मानून चालणार नाही. 1982 साली वीणा सेठी विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात हजारीबागच्या तुरुंगातील असेच बंदी सर्वोच्च न्यायालयासमोर आले. वेडाच्या कारणाने आत ठेवलेल्या आणि नंतर बरे झालेल्या काहींनी आत दोन-तीन दशके काढली होती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी पश्चिम बंगालमधील तुरुंगांचा प्रश्न न्यायालयात नेला. तिथे कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना केवळ ‘सुरक्षित’ ठेवण्याच्या नावाखाली तुरुंगात डांबले जात होते. ही प्रथा बेकायदा आणि घटनाबाह्य असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली दिला. हजारीबागला एका विधी सहाय्य समितीने विचारले, बंगालबाबत एका पत्रकाराने. ज्यांचे ते काम होते, त्या व्यवस्थेने आपणहून विचारले नाही.

विचारले न जाण्याची सुरुवात पोलीस ठाण्यातच होते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला कानात आवाज येतात, शेजारी आपल्यावर विष घालतो आहे असे त्याला खात्रीने वाटते. रोजची गोळी चालू असेपर्यंत तो कामावर जातो, संसार करतो. गोळी सुटते आणि महिना-दोन महिन्यांत आजार उलटतो. एक दिवस हाणामारी होते, पोलीस येतात. अटक झाली की उरलीसुरली औषधेही बंद होतात. तो उत्तरे देत नाही, म्हणून मुजोर ठरतो. असंबद्ध बोलतो, म्हणून सोंगाडा ठरतो. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तो दोन-चार मिनिटे उभा राहतो आणि गप्प असतो. गप्प बसणाऱ्याची कोठडी सहज मंजूर होते. जामीन मिळाला तरी जामीनदार कुठून आणायचा? घरचे थकलेले असतात, घाबरलेले असतात आणि बऱ्याचदा त्यांचाच कोणीतरी त्याच्या हातून जखमी झालेला असतो.

महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाच्या हातून 1994 साली पत्नीची हत्या झाली. त्याला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया होता, त्याच्या वडिलांनाही मानसिक आजार होता आणि त्याच्यावर आधी उपचार झाल्याच्या नोंदीही होत्या. तरीही कायद्याने देऊ केलेले संरक्षण त्याला 2002 साली, थेट सर्वोच्च न्यायालयात मिळाले. दिल्लीपर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांचे काय होत असेल, याची कल्पना यावरून करता येते.

शिक्षा झाल्यानंतर आजार बळावला तर काय, हा प्रश्नही आहेच. 2014 साली शत्रुघ्न चौहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजार हे फाशी रद्द करण्याचे एक कारण मानले. 2019 साली महाराष्ट्रातीलच एका फाशीच्या कैद्याची शिक्षा त्याच्या गंभीर मानसिक आजारामुळे जन्मठेपेत बदलली गेली. त्याच्या आजाराची वाच्यता होऊ नये म्हणून निकालपत्रात त्याचे नावही दिले गेले नाही. अत्यंत क्रूर गुन्ह्यासाठी दोषी ठरलेल्या माणसाबाबतही न्यायालयाने ही मर्यादा पाळली.

अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो. मग काय, वेडाचे सोंग घेऊन प्रत्येक जण सुटणार? आणि ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांनी काय करायचे? हा प्रश्न झिडकारण्यासारखा नाही. पण मनोविकलता सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवरच असते आणि न्यायालये ती सहजासहजी मान्य करत नाहीत. ती मान्य झाली तरी माणूस लगेच मोकळा सुटतो असे नाही. त्याला सुरक्षित देखरेखीत ठेवण्याची किंवा जबाबदार नातेवाइकाच्या हवाली करण्याची तरतूद आहे. आणि पीडितांच्या बाजूने पाहिले तरी, उपचाराविना दहा वर्षे कोंडलेला रुग्ण बाहेर येतो तेव्हा अधिक आजारी असतो. पुढचा बळी टाळायचा असेल, तर त्यालाही उपचारच हवेत.

विशेष म्हणजे हजरत अलींनी वाटेत विचारलेला प्रश्न आजच्या कायद्यात शब्दशः उतरला आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून अमलात आला. त्याचे कलम 100 सांगते, की रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी संरक्षणात घ्यावे आणि चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे. लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात मुळीच ठेवू नये. कलम 103 नुसार प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहात मानसिक उपचार केंद्र हवे. याच कलमानुसार मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ कारागृहाला भेट देऊन विचारू शकते, की हा आजारी बंदी इथे का आहे, त्याला उपचारासाठी का हलवले नाही?

पण त्याच कलमात एक पळवाटही दडलेली आहे. आपल्या कारागृहात मनोरुग्ण बंदी नाहीत, असे प्रमाणपत्र कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मंडळाला पाठवायचे आहे. हेतू चांगला आहे. पण सरकारी कार्यालयात तक्ता भरण्याची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ‘निरंक’ या शब्दाची ताकदही ठाऊक आहे. शेकडो बंद्यांची गर्दी, सर्दी-तापाची रांग, त्यात मनोविकारतज्ज्ञ नाही, म्हणून निदान नाही. निदान नाही, म्हणून रुग्ण नाही. आणि रुग्ण नाही, म्हणून तक्ता निरंक.

सुधारणा इथूनच व्हायला हवी. त्यासाठी नवा कायदा नको; चार ठिकाणी चार प्रश्न विचारले गेले पाहिजेत. पहिल्या हजेरीला न्यायदंडाधिकाऱ्यांनी आरोपीला आणि घरच्यांना विचारावे, की पूर्वी डोक्याचे उपचार झाले आहेत का, कोणत्या गोळ्या चालू आहेत? कारागृहाच्या दारात वजन-उंचीसोबत याचीही नोंद व्हावी आणि चालू औषध एक दिवसही तुटू नये. मंडळाने निरंक तक्ते फाईलला न लावता स्वतः बराकीत जाऊन पाहावे. चौथा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. ‘बरा झाला’ असा दाखला मनोरुग्णालयाने दिला, त्यानंतर किती दिवसांत त्याची तारीख लागली? या दिवसांची मर्यादा ठरवून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलावर ती जबाबदारी टाकली, तर दुसरा मचल लालुंग घडणार नाही.

जागेचाही प्रश्न आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांवर महाराष्ट्राचा भार पेलणार नाही. बरे झालेल्यांसाठी निवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच राज्यांना बजावले आहे. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रातून डॉ. भरत वाटवानी यांनी रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना उपचार करून घरी पोहोचवले. त्यासाठी त्यांना 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बरा झालेला माणूस घरी जाऊ शकतो, हे या कामाने दाखवून दिले आहे.

समाजालाही स्वतःकडे पाहावे लागेल. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी निवाऱ्याला आग लागली. तिथे साखळदंडांनी बांधून ठेवलेल्या अठ्ठावीस मनोरुग्णांचा होरपळून मृत्यू झाला. दुआ मागायला कोणाची हरकत नाही. पण दुआसाठी दवा थांबवणे आणि माणसाला साखळीने बांधणे, याला श्रद्धा म्हणता येत नाही. मुस्लिम जगाची परंपराही तशी नाही. कैरोच्या तेराव्या शतकातील मन्सूरी रुग्णालयात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र विभाग होता. आज डॉक्टरकडे जायला उशीर झालेला रुग्णच पुढे पोलिसांच्या हाती सापडतो.

रमजानमध्ये जकात काढली जाते. कुरआनने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत बंधनात अडकलेल्यांची मुक्तता हाही एक आहे. त्यामुळे कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी पैसे देण्याचा विचार पुण्याचाच आहे. मात्र ज्याला आपण आत का आहोत हेच उमगत नाही, त्याच्यासाठी पैशाआधी माणूस लागतो. तो वकील असेल, कारागृहाचा डॉक्टर असेल किंवा गल्लीतला शेजारी. त्याने फक्त वाटेत थांबायचे आहे आणि विचारायचे आहे, की हा कोण आणि याला कुठे नेता?