दिवाणखान्यातला जकातनाका

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईच्या वेशीवरचे जकातनाके इतिहासजमा झाले. मालमोटारींच्या रांगा, पावत्यांवरचे शिक्के आणि नाक्यावरच्या टपऱ्या या साऱ्याला त्या दिवशी कायमचा विराम मिळाला. एक नाका मात्र उठला नाही. तो वेशीवर नव्हताच. तो मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात, दूरचित्रवाणी संचाच्या पाठीमागे, बोटाच्या पेराएवढ्या एका खाचेत बसलेला आहे. तेथे गणवेशातला शिपाई नाही की पावती फाडणारा कारकून नाही. वसुली संचाच्या किमतीत आधीच मिसळलेली असते. त्यामुळे आपण जकात भरली, हे ग्राहकाला कधी कळतही नाही. या नाक्याचे नाव एचडीएमआय.

संगणक आणि पडदा यांना जोडणारी तार हा तंत्रज्ञांचा विषय आहे, सामान्य माणसाने त्यात डोके का घालावे, असा प्रश्न कोणी करील. परंतु तार कोणाची, तिचे नियम कोण लिहितो आणि ते नियम वाचण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न तंत्राचे नसून सत्तेचे आहेत.

आयबीएमने १९८७ मध्ये व्हीजीए आणले. निळ्या टोकाची, पंधरा पिनांची ती जोडणी कित्येक कचेऱ्यांतल्या प्रोजेक्टरला आजही लटकलेली दिसते. १९९९ मध्ये डीव्हीआय आले. आणि डिसेंबर २००२ मध्ये हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सोनी, थॉमसन, तोशिबा आणि सिलिकॉन इमेज या सात कंपन्यांनी एचडीएमआयची पहिली आवृत्ती जाहीर केली. चित्र आणि ध्वनी एकाच तारेतून नेण्याची ही योजना सोयीची होती, हे नाकारण्याचे कारण नाही. लाल, पांढऱ्या व पिवळ्या पिनांचे जंजाळ ज्यांनी संचामागे वाकून सोडवले आहे, त्यांना ही सोय किती मोठी होती ते सांगायला नको. तक्रार सोयीची नाही, सोयीच्या आडून आलेल्या व्यवस्थेची आहे.

या व्यवस्थेचे दरपत्रक मोठे बोलके आहे. एचडीएमआय वापरणाऱ्या उत्पादकाने वर्षाला १० हजार डॉलर भरावयाचे आणि शिवाय प्रत्येक नगामागे १५ सेंट. उत्पादनावर आणि जाहिरातीत एचडीएमआयचे बोधचिन्ह छापले तर हा दर ५ सेंटवर येतो. नक्कल रोखणारे एचडीसीपी नावाचे कुलूप बसवले तर ४ सेंटवर. म्हणजे उत्पादकाने आपल्या मालावर दुसऱ्याची पाटी लावली तर त्याला १० सेंटांची सूट! जाहिरात करणाऱ्याने पैसे द्यावेत ही जगरहाटी. येथे मात्र दंडाची धास्ती घालून फुकट जाहिरात करून घेण्याची ही हिकमत कोणाही व्यापाऱ्याने हात जोडावेत अशीच आहे.

चार सेंट म्हणजे चिल्लर, असे म्हणून हा विषय उडवून लावता येतो, आणि बड्यांच्या दृष्टीने ते खरेही आहे. वर्षाला एक कोटी संच विकणाऱ्या कंपनीला वार्षिक शुल्क धरूनही नगामागे चार सेंटांच्या किंचित वर खर्च येतो. आता एखाद्या औद्योगिक वसाहतीतला लहान उद्योजक घ्या. दहा हजार किंवा त्याहून कमी नग विकणाऱ्यांसाठी जी 'सवलतीची' योजना आहे, तीत वर्षाला ५ हजार डॉलर आणि नगामागे एक डॉलर असा हिशेब आहे. एक हजार नग बनवणाऱ्याला त्याचे एकूण ६ हजार डॉलर होतात, म्हणजे नगामागे सहा डॉलर. बड्या कंपनीच्या सुमारे दीडशे पट! ज्याची पाठ रुंद त्याच्यावर पिसाचा भार आणि ज्याची पाठ वाकलेली त्याच्यावर धोंडा, असा हा न्याय आहे. या दरपत्रकात लबाडी कोठेही नाही, सारे उघड छापलेले आहे. म्हणूनच ते अधिक विचार करण्याजोगे आहे.

कुलपाची कथा तर याहून विनोदी. एचडीसीपीचे तंत्र इंटेलचे आणि त्याचा परवाना इंटेलच्याच एका उपकंपनीकडून स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. चित्रपटांची चोरी थांबावी हा त्याचा जाहीर हेतू. सप्टेंबर २०१० मध्ये या कुलपाची मूळ किल्लीच इंटरनेटवर प्रसिद्ध झाली आणि ती खरी असल्याचे इंटेललाही मान्य करावे लागले. चोराच्या हाती किल्ली गेली. कुलूप मात्र मालकाच्या दारावरून निघाले नाही. पैसे मोजून घेतलेला संच आणि पैसे मोजून घेतलेला चित्रपट असूनही दोन यंत्रांची ओळखपरेड जुळली नाही म्हणून काळ्या पडद्याकडे पाहत बसण्याची पाळी येते, ती प्रामाणिक ग्राहकावर.

मुक्ततेचा मुखवटा

या एकाधिकाराला संगणक क्षेत्रातून उत्तर आले ते डिस्प्लेपोर्टच्या रूपाने. व्हेसा ही पडद्यांच्या मानकांचे काम करणारी संघटना; तिने मे २००६ मध्ये पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. नगामागे स्वामित्वधन नाही, हे तिचे मोठे आकर्षण होते. संगणकांच्या पडद्यांवर ही जोडणी रुळली. दूरचित्रवाणी संचांवर मात्र ती जवळजवळ दिसत नाही. एचडीएमआयच्या संस्थापकांत दूरचित्रवाणी संच बनवणारेच अधिक होते, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. ज्याच्या हाती पेठ, त्याच्याच मापाने धान्य मोजले जाणार.

परंतु डिस्प्लेपोर्टचे गोडवे गाणाऱ्यांनीही जरा दमाने घ्यावे. मार्च २०१५ मध्ये एमपीईजी एलए या परवाने विकणाऱ्या संस्थेने डिस्प्लेपोर्टशी संबंधित पेटंटांची मोट बांधली आणि नगामागे २० सेंटांची मागणी पुढे केली. एचडीएमआयच्या चार सेंटांच्या पाचपट! या मोटेत कोण होते? हिताची मॅक्सेल, फिलिप्स, सोनी, रॅम्बस आणि लॅटिस. यांतल्या लॅटिसने त्याच महिन्यात सिलिकॉन इमेज विकत घेतली होती. हिताचीचे नाव लावणारी कंपनी, फिलिप्स, सोनी, सिलिकॉन इमेज ही नावे वाचकाने नुकतीच वर वाचली आहेत. एका दारावर जकात घेणारेच दुसऱ्या दारावर हात पसरून उभे राहिले. व्हेसाचा या वसुलीत सहभाग नव्हता हे खरे. पण 'हे मानक मुक्त आहे' असे मानक लिहिणाऱ्याने म्हणून भागत नाही. त्यात ज्यांची पेटंटे अडकली आहेत त्यांनी ते म्हणावे लागते, हा धडा संगणकविश्वाला नऊ वर्षे उशिरा मिळाला.

ॲपलचे उदाहरणही असेच. २००८ मध्ये या कंपनीने डिस्प्लेपोर्टची लहान आवृत्ती काढली आणि परवाना विनाशुल्क देऊ केला. अट एवढीच, की परवाना घेणाऱ्याने पेटंटभंगाबद्दल ॲपलवर दावा लावला तर परवाना रद्द. फुकटच्या दानालाही असा दोरा बांधलेला असतो.

नियम आहेत, पण वाचायचे नाहीत

पैशाचा प्रश्न एक वेळ बाजूला ठेवता येईल. खरा गंभीर प्रश्न गुप्ततेचा आहे.

एचडीएमआयचे नियम पुढे नेण्यासाठी ऑक्टोबर २०११ मध्ये एचडीएमआय फोरम स्थापन झाले. वर्षाला १५ हजार डॉलर भरणाऱ्या कंपनीला त्यात प्रवेश. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या २.१ या आवृत्तीने तारेची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिटवरून ४८ गिगाबिटवर नेली. आता लिनक्ससारख्या मुक्त कार्यप्रणालीत यंत्र चालवणारी आज्ञावली सर्वांना वाचता येईल अशा स्वरूपात प्रसिद्ध करण्याची रीत आहे. एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीने आपल्या चित्रफलकांसाठी २.१ चालवणारी अशी आज्ञावली तयार केली, ती प्रसिद्ध करण्याची परवानगी मागितली आणि दीर्घकाळ वाटाघाटी केल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये फोरमने नकार कळवला. कारण उघडच होते: आज्ञावली वाचणाऱ्याला नियम कळतील!

या नकाराचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ग्राहकाने फलक विकत घेतला आहे. त्या फलकावर एचडीएमआयची पाटी आहे, स्वामित्वधन चुकते झाले आहे, तार विकत घेतली आहे, पडदाही विकत घेतला आहे. कोणीही काहीही चोरलेले नाही. तरीही त्याने विंडोजऐवजी लिनक्स निवडले, एवढ्याच कारणाने त्याच्या यंत्रातली निम्म्याहून अधिक क्षमता कुलपात राहिली. त्याच फलकावर शेजारीच असलेले डिस्प्लेपोर्ट मात्र लिनक्सवर विनातक्रार चालत होते, कारण व्हेसाने अशी आडकाठी केली नव्हती. यंत्र तेच, मालक तोच. फरक केवळ खाचेचा.

आणि हे गुप्ततेचे सोवळे पाळणारी व्यवस्था ग्राहकाशी तरी चोख वागते काय? डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीला आले, की २.१ या आवृत्तीतली नवी वैशिष्ट्ये सारीच ऐच्छिक आहेत; जुन्या २.० च्या क्षमतेचा पडदाही '२.१' अशी पाटी लावून विकता येतो आणि परवाना देणाऱ्या संस्थेला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण २.० आता स्वतंत्र अस्तित्वातच नाही! दुधाच्या पिशवीवर दूध लिहायचे आणि आत दूध असणे ऐच्छिक ठेवायचे, असे एखाद्या डेअरीने केले असते तर अन्नभेसळ खात्याने तिला टाळे ठोकले असते.

या व्यवस्थेचे समर्थक म्हणतात, की संशोधनाला पैसा लागतो, पडताळणीशिवाय मानक टिकत नाही आणि नियम खुले झाले की हलका माल माजेल. पहिले दोन मुद्दे मान्य करण्यासारखे आहेत. संशोधकाला मोबदला मिळालाच पाहिजे. कष्टाचे फळ फुकट लुटावे असे येथे कोणी म्हणत नाही. परंतु मोबदला घेणे वेगळे आणि मोबदला घेतल्यावरही नियम झाकून ठेवणे वेगळे. तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर यूएसबीने केव्हाच दिले आहे. यूएसबीचे नियम कोणालाही उतरवून घेता येतात. बोधचिन्ह वापरायचे तर परवाना लागतो. म्हणून जगात यूएसबी बुडाली नाही, उलट सर्वत्र पसरली. हलका माल काय, तो एचडीएमआयच्या तारांतही कोणत्याही बाजारपेठेत मूठभर मिळेल.

बंदिस्त मानकाची झळ मराठी वाचकाला नवी नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकांच्या प्रत्येक पुरवठादाराची सांकेतिक रचना निराळी होती. एका छापखान्यात जुळवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हांची रांगोळी उमटे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्येच इस्की हे मानक दिले होते. पण ज्याला त्याला आपले कुंपण प्रिय होते. त्या काळात टंकलिखित झालेला किती मराठी मजकूर कुंपणाआड अडकून वाया गेला, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

तेव्हा आपल्या देशाने काय करावे? चीनकडे बोट दाखवण्याची फॅशन आहे. चिनी कंपन्यांनी २००८ च्या सुमारास डीवा नावाची स्वतःची जोडणी काढली होती. ती बाजारात तगली नाही. २०२५ मध्ये पन्नासहून अधिक चिनी कंपन्यांनी जीपीएमआय नावाचे नवे मानक पुढे आणले, सेकंदाला १९२ गिगाबिट आणि ४८० वॅट वीज एकाच तारेतून नेण्याच्या दाव्यासह. ज्या देशाकडे एवढे कारखाने आहेत त्याला असा डाव एकदा फसला तरी पुन्हा मांडणे परवडते. केवळ स्वदेशी म्हणून सातवी-आठवी तार काढणे हे शहाणपण नव्हे. दूरसंचाराच्या क्षेत्रात भारताने निवडलेला मार्ग अधिक विचारी होता. ग्रामीण भागात दूरवर पोहोचणारे ५जीआय हे भारतीय तंत्र टीएसडीएसआय या संस्थेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेकडून मान्य करून घेतले आणि पुढे ते जागतिक ५जी मानकाच्या सतराव्या आवृत्तीत विलीन झाले. जेथे नियम लिहिले जातात त्या टेबलापाशी खुर्ची मिळवल्याखेरीज हे साधत नाही. खुर्ची नसली की काय होते, तेही देशाने पाहिले आहे: मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एरिक्सनच्या पेटंटांपोटी लावा या भारतीय कंपनीला २४४ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला.

भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. मानकाचा दस्तऐवज उपलब्ध असावा आणि त्यातील आवश्यक पेटंटे स्वामित्वधनाशिवाय मिळावीत, ही त्यातली तत्त्वे स्पष्ट आहेत. ते धोरण आज्ञावल्यांपुरते राहिले. तारेपर्यंत पोहोचलेच नाही. सी-डॅकची बॉस आणि २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने स्वीकारलेली माया या दोन्ही देशी कार्यप्रणाली लिनक्सच्याच कुळातल्या. कचेरीतल्या संगणकाला ४८ गिगाबिटांची आज गरज नाही, हे खरेच. पण देशाने आपली कार्यप्रणाली निवडली म्हणून तिला पडद्याची पूर्ण भाषा बोलता येणार नाही, हा निर्णय परदेशातील एका खासगी मंडळाने घ्यावा काय? ब्यूरोने यूएसबी टाइप-सी भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध केल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले, आणि त्याच खाचेतून डिस्प्लेपोर्टचे चित्र नेण्याची सोय २०१४ पासून आहे. शाळा, न्यायालये, इस्पितळे आणि कचेऱ्यांसाठी सरकार पडदे विकत घेते. त्या निविदांत 'एचडीएमआय असावे' हे वाक्य सवयीने लिहिले जाते. त्याखाली 'आणि टाइप-सी अथवा डिस्प्लेपोर्टही असावे' एवढी एक ओळ घालण्यास ना कायदा बदलावा लागतो, ना कोणा मंडळाची परवानगी.