रिंगणाचा घोडा एक वर्ष बाद करा

आषाढी जवळ आली की पुण्या-मुंबईचे हौशी फोटोवाले हायवेवर आमच्या मोडनिंबला चहाला थांबतात. माझ्या स्टुडिओत बॅटऱ्या चार्जिंगला लावतात आणि विचारतात, "काका, रिंगण कुठं गावेल?"

गावेल की, बाजीरावाच्या विहिरीजवळ गावेल. पण तिथं कॅमेऱ्यांचीच दाटी. मग घरी काय नेणार? धावता घोडा, डोईवर तुळस घेतलेली माउली, सुरकुतलेला एखादा बाबा. गेल्या वर्षी दुसऱ्यानं नेलं होतं तेच.

माझं म्हणणं एवढंच, की जे टिपायला निघालात त्याच्याकडं घटकाभर पाठ करा. 1937 साली लंडनला सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक होता. कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरला पेपरनं तिकडं धाडलं. गड्यानं राजा सोडला आणि राजाला बघायला जमलेली माणसं टिपली. ट्रॅफल्गर चौकातला त्याचा एक फोटो बघा: वर कठड्यावर ओळीनं माना उंचावलेली गर्दी आणि खाली रद्दीच्या ढिगात एक जण खुशाल झोपलेला.

तसला माल इथंही आहे. मराठवाड्याकडच्या छोट्या दिंड्या जातात तेव्हा माझ्या काउंटरवर मोबाइलांचा बाजार भरतो. एका बोर्डाला तीन-तीन पिना, प्रत्येक मोबाइलला रबरानं चिठ्ठी बांधलेली. त्यावर नाव, दिंडीचा नंबर, गाव. एकीवर नुसतंच 'आईचा'. शेजारी बॅटरी काढायला आलेल्या पाहुण्यानं तिकडं ढुंकूनही बघितलं नाही. स्वयंपाकाचं सामान घेऊन पुढं निघालेला टेम्पो असतो. त्यात कढईला टेकून आचारी घोरत असतात. तेही कुणाला दिसत नाहीत.

आमच्याकडची कला केंद्रं मात्र सगळ्यांना दिसतात, आणि तीही रात्रीच. लावणीवाल्या बाया दुपारी धुणं वाळत घालतात, पोरांचा अभ्यास घेतात. हे काढायचं तर आधी उंबऱ्यावर बसून चहा प्या, नाव-गाव सांगा, विचारा. बाई नको म्हणाल्या तर कॅमेरा पिशवीत. लांबून झूम लावून काढायचं हे मला पटत नाही, कितीही झकास आलं तरी. संदेश भंडारेंचे तमाशाचे फोटो बघितले की माणसांत मिसळून काम केल्यावर काय हाती लागतं ते कळतं.

वारीच्या फोटो स्पर्धा भरवणाऱ्यांना म्हणून एक सुचवतो. एक वर्ष रिंगण, तुळस आणि सुरकुत्या बाद करा. प्रवेशिका कमी येतील, येऊ द्यात. परीक्षकांचंही काम हलकं होईल.