पगार किती, हे विचारा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. नोकरी करणाऱ्या बाईला आज जे हक्क आहेत, त्यांतले बरेचसे मात्र ही म्हण धाब्यावर बसवणाऱ्या बायकांनी मिळवून दिलेत.

मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधल्या मॅकिनन मॅकेंझी या जहाज कंपनीत ऑड्रे डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या. १९७७ साली त्यांची नोकरी गेली. त्यांनी १९७६च्या समान वेतन कायद्याखाली दावा लावला: पुरुष स्टेनोग्राफर हेच काम करतात आणि जास्त पगार घेतात, तर मला फरक द्या. कंपनीचं उत्तर तयार होतं. वेतनश्रेणी युनियनशी करार करून ठरलेल्या आहेत, आणि तशीही कंपनीची प्रकृती तोळामासा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दोन्ही सबबी फेटाळल्या. युनियनची सही असली तरी करार कायद्यापेक्षा मोठा होत नाही, आणि परवडत नाही म्हणून समान वेतन टाळता येत नाही. फरकाची रक्कम होती ७,१९६ रुपये ६७ पैसे. नोकरी सुटल्यापासून तोवर दहा वर्षं उलटली होती.

त्याआधी, १९८१ मध्ये, एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला गाजला. नर्गेश मिर्झा हे त्यातलं नाव. नियम असा, की हवाई सुंदरीने पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हायचं. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर लगेच, आणि पहिल्यांदा दिवस गेले तरी लगेच. गरोदरपणाची अट न्यायालयाने कडक शब्दांत रद्द केली. चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र कायम ठेवली, आणि तिच्या समर्थनार्थ कुटुंबनियोजनाचाही दाखला दिला! न्यायालयातही अर्धं माप पदरात पडतं ते असं.

पुढे आयुर्विमा महामंडळाचा फॉर्म निघाला. नोकरीला लागणाऱ्या बाईने मासिक पाळी नियमित आहे का, शेवटची कधी आली, आजवर किती वेळा दिवस गेले, हे सगळं लिहून द्यायचं. ही माहिती खरी दिली नाही म्हणून एका उमेदवारीवरच्या महिलेला काढलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं आणि ते रकाने फॉर्ममधून काढायला सांगितले.

या निकालांबद्दल वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. भेदभाव मालकांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवला होता. सेवानियमांत, वेतनश्रेणीच्या तक्त्यात, छापील फॉर्मात. त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटतच नव्हतं, त्यामुळे लपवायचं तरी काय? बायकांच्या वकिलांनी तोच कागद न्यायाधीशांपुढे ठेवला.

आता कंपन्यांना वकिलांनी शहाणं केलंय. धोरणपुस्तिकेत समानतेवर गोड परिच्छेद असतो आणि खरा कारभार तोंडी चालतो. मध्यंतरी भाचीचा पुण्याहून फोन आला. तिला पाचवा महिना होता. एचआरने केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “तूच राजीनामा दे, अनुभवपत्र छान देऊ.”

“मावशी, ते लेखी काहीच देत नाहीत गं.”

“मग तू दे.”

तिने त्याच संध्याकाळी ईमेल केला. आज अमुक वाजता, अमुक जणांसमोर मला असं सांगण्यात आलं. राजीनामा देण्याचा माझा विचार नाही. माझी प्रसूती रजा अमुक तारखेपासून धरावी. दुसऱ्या दिवशी एचआरचा सूर पार बदलला. तुझा गैरसमज झाला, म्हणे. हा गैरसमज लेखी आल्यावरच कसा दूर होतो, कोण जाणे.

कायदा तिच्या बाजूचा होताच. बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल, तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, आणि त्या रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे. पण दडपणाखाली का होईना, राजीनाम्यावर सही केली की कंपनी म्हणते, आम्ही कुठे काढलं? ती सही आपल्या मनाविरुद्ध होती, हे सिद्ध करण्यात मग वर्षं जातात. लग्न केलं म्हणून १९८८ मध्ये घरी पाठवलेल्या लष्करातल्या एका परिचारिका अधिकाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने ६० लाखांची भरपाई दिली ती २०२४ मध्ये. तिचा निकालही आपण विजय म्हणून साजरा केला.

नोकरीत समान संधी देणारं राज्यघटनेचं सोळावं कलम सरकारी नोकरीपुरतं आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. खासगी नोकरीत भरवसा सुट्यासुट्या कायद्यांवर. वेतनासाठी एक, बाळंतपणासाठी एक, लैंगिक छळासाठी २०१३चा (तक्रार तीन महिन्यांच्या आत, हे विसरू नका), अपंगत्वासाठी २०१६चा, एचआयव्हीबाधितांसाठी २०१७चा. जात किंवा धर्म पाहून खासगी कंपनीने उमेदवाराला नाकारलं, तर थेट दाद मागायला सर्वंकष कायदा आजही नाही.

आणि जिथे कायदा आहे, तिथे माहिती नाही. पुरुषांना किती मिळतं हे कळलं, म्हणून डिकोस्टांना फरक मागता आला. आज नेमणूकपत्रातच बजावलेलं असतं, की पगार गोपनीय आहे, सहकाऱ्यांशी चर्चा करू नये. समान वेतनाचा हक्क १९७६च्या कायद्यातून आता २०१९च्या वेतन संहितेत आलाय, पण शेजारच्या टेबलावरचा किती घेतो हेच माहीत नसेल तर समान कशाशी मोजायचं? शिवाय बाईचं वय आणि पुरुषाचा पगार विचारू नये, असा शिष्टाचार आपणही इमानेइतबारे पाळतो. त्यातला वयाचा भाग खुशाल पाळा. पगार मात्र विचारा, आणि कोणी विचारला तर स्वतःचाही सांगा. आपल्या या भिडेवर आजवर पैसे वाचवले ते कंपन्यांनी.