आकाश पुरावा मागते

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे आज एक साधे गाव असले, तरी दोन हजार वर्षांपूर्वी ‘तगर’ या नावाने ते रोमन जगाला परिचित होते. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात तगरहून भडोचच्या बंदराकडे गाड्यांतून जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पॉम्पेई येथील मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तेरच्या वैभवाविषयी कोणी वाद घालत नाही. कारण तेथे अभिमानाच्या पाठीशी मातीतून निघालेला पुरावा उभा आहे.

विमानविद्येच्या बाबतीत मात्र हा क्रम आपल्या समाजात पुष्कळदा उलटा होतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा घरोघरी अभिमानाने सांगितली जाते. पारतंत्र्यात पिचलेल्या समाजातील एका मराठी माणसाने आकाशात झेप घेण्याचे स्वप्न पाहावे, ही गोष्ट निःसंशय आदरास पात्र आहे. परंतु त्या उड्डाणाचा समकालीन आणि तपासून पाहता येईल असा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. या कथेच्या जोडीने ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा दाखला दिला जातो, त्याची चिकित्सा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा निर्णय कोणा परकीय टीकाकाराचा नव्हे, आपल्याच शास्त्रज्ञांचा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

याउलट राइट बंधूंचे उदाहरण पाहावे. १९०१ मध्ये त्यांनी वाऱ्याचा कृत्रिम बोगदा तयार करून पंखांचे सुमारे दोनशे नमुने तपासले आणि प्रत्येकाची नोंद ठेवली. १७ डिसेंबर १९०३ चे त्यांचे पहिले उड्डाण अवघे १२ सेकंदांचे होते; पण त्याचे छायाचित्र आहे आणि साक्षीदारही आहेत. उड्डाण केवळ १२ सेकंदांचे असले, तरी ते कोणालाही नाकारता येत नाही.

त्यांच्या विमानाची एक वेगळी रचना लक्षात घेण्याजोगी आहे. नाक वर-खाली करणारा छोटा पंख शेपटीला नसून पुढे होता. या रचनेला ‘कॅनार्ड’ म्हणतात. पुढे अमेरिकेतील बर्ट रुटान यांनी ही कल्पना अधिक काटेकोरपणे वापरली. विमानाचे नाक प्रमाणाबाहेर उचलले गेले, की पंखावरून वाहणारा हवेचा प्रवाह तुटतो, उचलून धरणारे बळ नाहीसे होते आणि विमान कोसळू लागते. रुटान यांच्या रचनेत हा प्रवाह आधी पुढच्या छोट्या पंखावर तुटतो. त्यामुळे नाक आपोआप खाली येते आणि मुख्य पंख सुरक्षित राहतो. याच मांडणीच्या त्यांच्या ‘व्हॉयेजर’ विमानाने डिसेंबर १९८६ मध्ये वाटेत इंधन न घेता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनेही रुटान यांच्या आराखड्याच्या आधारे एक हलके कॅनार्ड विमान घडवून १९८७ मध्ये उडवले.

वेगळेपणा हा मात्र यशाचा परवाना नव्हे. फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी १९३३ च्या सुमारास, घरी बांधता येईल असे एकामागे एक दोन पंखांचे चिमुकले विमान काढले. हौशी लोकांनी त्याचे उत्साहाने स्वागत केले. पण लवकरच प्राणघातक अपघातांची मालिका सुरू झाली. अखेर पूर्ण आकाराचे विमान वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून पाहिल्यावर दोष उमगला. ठरावीक मर्यादेपलीकडे नाक खाली गेले, की दोन पंखांमधील फटीतून जाणारा प्रवाह ते आणखी खाली रेटत असे आणि वैमानिकाच्या हाती काही उरत नसे. तोवर अनेकांचे प्राण गेले होते. अभिमान असो वा उत्साह, आकाश कोणाचीही गय करीत नाही.

ही शिस्त अंगी बाणवलेला मराठी माणूस आपल्याकडे झाला. डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी आधुनिक वायुगतिकीचे प्रणेते प्रांटल यांच्या हाताखाली गटिंगन येथे डॉक्टरेट मिळवली. स्वदेशी बनावटीचे ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान त्यांच्या नेतृत्वाखाली घडले आणि १९५१ मध्ये उडाले. जर्मन तज्ज्ञ कुर्ट टँक यांच्यासमवेत ‘मरुत’ या लढाऊ विमानाच्या कामातही ते होते. ‘मरुत’चे इंजिन बसवलेले विमान १९६१ मध्ये उडाले, पण त्याआधी, १९५९ मध्ये, त्याच आकाराचे लाकडी ग्लायडर डाकोटा विमानामागे ओढून आकाशात नेले गेले आणि रचनेची परीक्षा झाली. प्रथम लाकूड, मग धातू. प्रथम परीक्षा, मग घोषणा!

याच वाटेवर अलीकडच्या काळात कॅप्टन अमोल यादव यांनी पाऊल टाकले. मुंबईच्या कांदिवली भागात इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले. नोंदणी २०१७ मध्ये, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये आणि धुळ्यात चाचणी २०२० मध्ये, असा त्यांचा प्रवास झाला. गच्चीवरील विमान कागदोपत्री मान्य होण्यास किती सोसावे लागते, हे या वर्षांवरूनच ध्यानी यावे.

मग प्रश्न असा उरतो की, तळपद्यांची कथा पाठ असलेल्या किती घरांत घाटग्यांचे नाव ठाऊक आहे? न घडलेल्या वा न सिद्ध झालेल्या पराक्रमावर आपण टाळ्या वाजवतो आणि सिद्ध झालेला पराक्रम विस्मृतीत ढकलतो, तेव्हा नुकसान इतिहासाचे नव्हे, पुढच्या पिढीचे होते. धाराशिवला धावपट्टी आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि पाण्याच्या तुटवड्याशी झुंजताना हाताला लागेल त्यातून यंत्र जोडणारी तरुणाई आहे. कार्यकर्त्यांनी एखाद्या शाळेत ग्लायडरचे नमुने बनवण्याचा वर्ग सुरू करावा आणि प्रत्येक मुलाला एक वही द्यावी. त्या वहीत तारीख, वाऱ्याचा अंदाज, अंतर आणि अपयशाचे कारण त्याने स्वहस्ते लिहावे. दोन हजार वर्षांनंतरही तगरची साक्ष देणारी वस्तू मातीत टिकून राहिली. आजच्या कर्तृत्वाची साक्ष मात्र मातीवर सोपवून चालणार नाही; ती अशा वह्यांतूनच उभी करावी लागेल.